जयंतीकांठचें अंबाजोगाई कोठून पाहावें ?

नदीकांठचें शहर म्हटलें कीं नाशिक, पैठण किंवा वाई हीं नगरें डोळ्यांसमोर उभीं राहतात. विस्तीर्ण पात्र, दगडी घाट आणि पाण्यांत पडलेलीं शिखरांचीं प्रतिबिंबें असें तें चित्र असतें. बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाई हेंही नदीकांठचेंच शहर. परंतु येथील जयंती नदी अशी सहज दृष्टीस पडत नाहीं. तिचें पात्र लहान, पावसाळ्यांत भरणारें आणि उन्हाळ्यांत आटणारें. मोटारीनें येणारा यात्रेकरू योगेश्वरीचें दर्शन घेतो, प्रसाद बांधून घेतो आणि परळीच्या वाटेस लागतो. या गांवाला नदी आहे, हें कोणी सांगितलें तरच त्याला कळावयाचें. म्हणून हें शहर कोठून पाहावें, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाहीं.

अंबाजोगाई बालाघाटाच्या डोंगररांगेंत वसलेलें आहे. ही रांग काळ्या बेसाल्ट खडकाची. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थर एकावर एक सांचून हा खडक तयार झाला. सर्व थर सारखे कठीण नसल्यामुळें पाण्यानें ते पायऱ्यांप्रमाणें झिजले. माथे सपाट राहिले आणि कडा तुटल्या. त्यामुळें अशा मुलुखांत सपाटीवरून चालतां चालतां पुढें एकाएकी दरी उघडते. दृश्य पाहण्यासाठीं शिखर गांठावें लागत नाहीं, कडेपर्यंत गेलें तरी पुरतें.

जितकें उंच जावें तितकें अधिक दिसेल, ही समजूतही पुरती खरी नाहीं. सभोंवतालच्या सपाटीहून १०० मीटर उंचीवर उभें राहिल्यास क्षितिज सुमारे ३६ किलोमीटरांवर असतें. उंची चौपट केली तरी तें अंतर दुप्पटच होतें. शिवाय उंचीबरोबर बारकावा हरपतो. म्हणून शहाणा प्रवासी एकच उंच जागा न शोधतां वेगवेगळ्या उंचीच्या तीन-चार जागा निवडतो.

पहिली जागा योगेश्वरीच्या देवळाजवळचा नदीकांठ. येथून नदी आणि शहर यांचें नातें कळतें. योगेश्वरी ही कुमारिका; परळीच्या वैजनाथाशीं तिचें लग्न ठरलें असतां मुहूर्त टळला आणि वऱ्हाड दगडाचें झालें, अशी लोककथा आहे. कोंकणांतील अनेक कुळांची ती कुलस्वामिनी असल्यामुळें येथें दूरदूरचीं कुटुंबें येतात. मार्गशीर्षांत देवीचा उत्सव असतो. त्या दिवसांत पावसानें धुतलेली हवा अजून स्वच्छ असते, आणि सकाळच्या तिरप्या उन्हांत शिखरावरील मूर्ति व उंचसखल जमीन सावल्यांमुळें उठून दिसते. भर दुपारीं हेंच सारें सपाट भासतें.

दुसरी जागा गांवाबाहेर डोंगरांतील मुकुंदराजांची समाधि. शके १११० म्हणजे इ. स. ११८८ हा ‘विवेकसिंधु’चा परंपरेनें मानलेला काळ. त्या काळाविषयीं आणि कवीच्या स्थळाविषयीं विद्वानांत मतभेद आहे. वैनगंगेकांठचें अंभोरेंही त्याच्यावर हक्क सांगतें. तो वाद बाजूस ठेवला तरी या जागेचें महत्त्व उणें होत नाहीं. येथें शहरापेक्षां शहराची बैठक दिसते : पुढें उतरत गेलेली दरी, तिच्यांतील झाडी आणि पलीकडचे सपाट माथे.

या बैठकींतच गांवाचें भाग्य आणि संकट दोन्हीं आहेत. बालाघाट हा पाणलोट आहे. उत्तरेकडचें पाणी वाण नदीनें परळीच्या बाजूस जाऊन गोदावरीस मिळतें. दक्षिणेकडचें मांजरेंत जातें. मांजरा पाटोदें तालुक्यांत उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटरांचा फेरा घेते आणि तेलंगणांत कंदकुर्तीजवळ त्याच गोदावरीस मिळते. पाणलोटावरच्या गांवाजवळून पाणी दोन्हीं अंगांनीं निघून जातें. अडवावें तेवढेंच त्याचें. मांजरा धरण आटल्यामुळें २०१६ सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, ही गोष्ट या प्रदेशांत कोणी विसरलेलें नाहीं.

तिसरी जागा उंच नव्हे, सखल आहे. जयंतीच्या परिसरांतील हत्तीखाना हीं लेणीं खडक खालीं खोदून केलेलीं आहेत. अंगणांतील दगडी हत्ती आणि नंदीमंडप पाहून मान वर केली कीं डोंगरावरून जो खडक नुसती काळी कड दिसला, तोच चारी बाजूंनीं भिंत होऊन उभा राहतो. उंचीवरून हुकतें तें अशा ठिकाणीं सांपडतें. सिंघण यादवाचा सेनापति खोलेश्वर याचा मुलगा राम गुजरातेवरील स्वारींत पडला. त्याच्या बहिणीनें, लक्ष्मीनें, भावाच्या स्मरणार्थ येथें देऊळ बांधलें, आणि शके ११६२ म्हणजे इ. स. १२४० चा शिलालेख तें सांगतो. डोंगरावरून तें देऊळ घरांच्या छपरांत हरवून जातें. बहिणीचें दुःख वाचावयास दगडाजवळच जावें लागतें.

याच गांवीं दासोपंतांनीं (१५५१–१६१५) सुमारे २४ हात लांब आणि अडीच हात रुंद कापडावर आपली ‘पासोडी’ लिहिली. ती एका जागीं उभें राहून वाचतां येत नाहीं. तिच्या कडेनें चालावें लागतें. अंबाजोगाईचेंही तसेंच आहे, आणि येथें जयंती हीच ती कड. तिच्या कांठानें चालणाऱ्यास देऊळ, लेणें आणि दरी यांचा संबंध उलगडतो. पात्रांत गाळ कोठें सांचला आणि कांठ कोठें आवळला तेंही दिसतें. डोंगरावरून हें दिसत नाहीं. तेथून नदी ही एक नाजूक रेघच भासते. तेव्हां डोंगरावर अवश्य चढावें. परंतु उतरून पाण्यापर्यंत गेल्यावांचून शहर पाहिलें असें म्हणूं नये. जें गांव आपली नदी केवळ दुरून पाहतें, त्याला तिची तहान उन्हाळ्यांतच आठवते.