माहूजचा पत्त्यांचा डाव आणि मोठ्या टेबलाची हौस

२०२० च्या सप्टेंबरात इस्रायेल आणि बहारीन यांचा करार झाला, तेव्हापासून बहारीनचं नाव आपल्या घरांतूनही ऐकू येऊ लागलं. तिथल्या मनामा शहरात माहूज नावाचा भाग आहे. आमच्या नात्यातला एक मुलगा नोकरीनिमित्त तिथे राहतो. सुट्टीच्या रात्री चार-पाच मराठी मित्र जमतात, जेवण होतं आणि मग पोकरचा डाव बसतो. बहारीनमध्ये जुगाराला कायद्याने बंदी आहे, म्हणून डाव प्लॅस्टिकच्या चकत्यांवर, पैसा नाही. हा मुलगा बहुतेक वेळा जिंकतो. त्यामुळे त्याच्या डोक्यात आलंय की पुढच्या रजेत गोव्याला, मांडवीतल्या कॅसिनो-बोटीवर, एकदम मोठ्या टेबलावर बसायचं. त्याने मला फोनवर विचारलं, "मावशी, तुला काय वाटतं?" पत्ते मला कळतात, रमी आयुष्यभर खेळले. म्हणून नीट माहिती काढून लिहिते, कारण अशी हौस आपल्याही पोरांना असते.

पहिली गोष्ट हिशोबाची. समजा हातात दोन बदाम आहेत आणि टेबलावरच्या तीन पत्त्यांत आणखी दोन. पाचवा बदाम आला की फ्लश. न दिसलेले पत्ते ४७, त्यांत बदाम ९. म्हणजे पुढच्याच पत्त्याला बदाम येण्याची शक्यता साधारण १९ टक्के. मधे ६०० रुपये आहेत आणि समोरच्याने २०० लावले. तुम्ही २०० घातले की एकूण १,००० होतात, म्हणजे तुम्हाला २० टक्के तरी संधी हवी. १९ म्हणजे थोडं कमीच! पुढे आणखी पैसे मिळायची आशा नसेल तर पत्ते टाकावेत. लहान टेबलावर लोक हा विचार न करता पैसे घालतात, म्हणून हिशोबी माणूस तिथे जिंकतो. मोठ्या टेबलावर सगळेच हिशोबी असतात. तिथे बघायचं ते दुसरंच: कोण आधी बोलतो, कोण शेवटी बोलतो, कोण थापा मारतो. शेवटी बोलणाऱ्याला बाकीच्यांचं ऐकून ठरवता येतं, हा मोठा फायदा.

दुसरी गोष्ट नशिबाची. दोन एक्के हातात येणं २२१ डावांत एकदा. समोर दोन राजे असले तरी एक्केवाला पाचांत जवळजवळ एकदा हरतोच. बरोबर खेळूनही महिनाभर हरणं होतं. म्हणून मुरलेले खेळाडू ज्या टेबलावर बसतात, तिथल्या २० ते ३० बैठकांचे पैसे वेगळे ठेवतात. १०,००० रुपयांची बैठक असेल तर दोन-तीन लाख, २०,००० ची असेल तर चार-सहा लाख. आणि हे पैसे घरभाड्याचे किंवा आईला पाठवायचे नव्हेत! वरच्या टेबलावर तीन-चार बैठका गेल्या की मुकाट्याने खाली यायचं, हे आधीच ठरवून ठेवायचं. शिवाय कॅसिनो प्रत्येक डावातून आपला वाटा कापतो, आपल्याकडच्या अड्ड्यावर नाल काढतात तसाच. चकत्यांच्या डावात तो वाटा नसतो, म्हणून माहूजची जीत गोव्यात तेवढीच राहील असं समजू नये.

मी त्याला वही ठेवायला सांगितलं आहे. आम्ही नर्सेस तापाचा तक्ता ठेवायचो तशी: तारीख, किती तास, किती आले, किती गेले, झोप झाली होती का. शेवटचा रकाना महत्त्वाचा. रात्रपाळीच्या शेवटी माणूस काय काय विसरतो ते मी पाहिलंय. हरल्यावर रागाने दुप्पट लावणारा याच रकान्यात सापडतो.

न्यूयॉर्कचा ज्यू मुलगा स्टू उंगर रमीच्या एका प्रकारात इतका तरबेज होता की त्याच्याशी खेळायला कोणी तयार होईना, म्हणून तो पोकरकडे वळला. १९८०, १९८१ आणि १९९७ असा तीनदा तो लास व्हेगासची जागतिक स्पर्धा जिंकला. १९९७ ला दहा लाख डॉलर मिळाले. १९९८ च्या नोव्हेंबरात तो एका स्वस्त मोटेलात मेलेला सापडला, पैसा जवळजवळ उरला नव्हता. कौशल्य कमी नव्हतं. अमली पदार्थ आणि इतर पैजा यांत सगळं गेलं.

कायद्याचंही पाहावं. भारताच्या सुप्रीम कोर्टाने १९६७ साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, पण २०२५ च्या ऑगस्टात आलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यावर भारतात बंदी घातली. त्यामुळे फोनवर पैसे लावून सराव करून मग मोठ्या टेबलावर जाऊ, हा रस्ता तिथे बंद.

आपल्या मिश्नेत, सनहेद्रिनमध्ये, फासे खेळणाऱ्याची साक्ष चालत नाही असं आहे. पण रब्बी यहूदा म्हणतात, दुसरा कामधंदा नसेल तरच. हे मला फार पटतं. आमच्या मुलाने नोकरी सोडायचं म्हटलं असतं तर मी फोन त्याच्या आईला दिला असता. तसं तो म्हणाला नाही. गोव्याला जाईल, पण आधी सगळ्यात लहान टेबलावर बसेन म्हणतो, आणि वही सुरू केली आहे. पहिल्या दोन आठवड्यांत झोपेचा रकाना रिकामाच आहे, तो भर म्हणून कळवलंय.