शहरात भाड्याचे घर शोधताना

बारावी झाली की तुमच्यापैकी बरेच जण शिकायला पुण्याला जातात. प्रवेश मिळतो, पण राहायचे कुठे? ओळखीचे कोणी नसले की माणूस घाईत मिळेल ती खोली घेतो आणि मग वर्षभर पस्तावतो. वडिलांनी साठवलेल्या पैशांतून डिपॉझिट भरायचे असते, म्हणून चार गोष्टी आधीच समजून घ्या.

पहिली गोष्ट, स्वस्त कशाला म्हणायचे? नुसते भाडे बघू नका. समजा, कॉलेजजवळ खोली ७,५०० रुपयांना आहे आणि लांब कात्रजकडे ६,००० ला. लांबून रोज जाण्यायेण्याला ६० रुपये लागले, तर महिन्याच्या २५ दिवसांचे १,५०० झाले. म्हणजे दोन्ही खोल्या सारख्याच पडल्या, वर रोजचे दोन तास गेले ते वेगळेच! शिवाय लाईटबिल, मेंटेनन्स, पाणी भाड्यात धरले आहे का, हे स्पष्ट विचारा. एजंटाची दलाली बहुतेक वेळा एक महिन्याचे भाडे असते. ती आधीच ठरवून घ्या.

दुसरी गोष्ट, शोधायचे कसे? सदाशिव पेठ, नारायण पेठ या भागांत स्पर्धा परीक्षेची मुले खूप, त्यामुळे खोल्यांना मागणीही जास्त. तिथे दोघांतिघांनी मिळून खोली घेतली तर परवडते. एकट्याला हवी असेल तर वनाझ, स्वारगेट अशा मेट्रो स्टेशनच्या आसपासच्या गल्ल्या पायी फिरा. किराणा दुकानदार, मेसवाल्या काकू, सोसायटीचे वॉचमन यांना विचारा. दलाली न देता मिळणाऱ्या खोल्या बऱ्याचदा अशाच कळतात.

तिसरी गोष्ट, खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. मोबाईलवर सुंदर फोटो दाखवून "आज टोकन पाठवा, नाहीतर खोली जाईल" असे कोणी म्हणाले, तर जाऊ द्या ती खोली. समोरचा माणूस खरोखर मालक आहे का, हे बघायला लाईटबिल किंवा घरपट्टीची पावती मागा. मागायला लाजू नका.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे करार. "अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही" असे तुम्हाला हमखास ऐकवतील. आपल्या राज्यात ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी केली नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. ही नोंदणी आता ऑनलाईन होते.

करारात डिपॉझिटची रक्कम, ते परत कधी मिळणार, घर सोडताना किती दिवस आधी सांगायचे, रंगकामाचे पैसे कापणार का, हे सगळे लिहून घ्या. डिपॉझिट रोख न देता बँकेतून द्या. राहायला जाल त्या दिवशी भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढून मालकांनाही पाठवा. घर सोडताना "हे तुम्हीच मोडले" असा वाद झाला, तर तेच फोटो उपयोगी पडतात.

मालक कितीही प्रेमळ असोत, व्यवहार कागदावरच करा. त्यात अविश्वास नाही. उलट त्यामुळेच दोघांचे संबंध शेवटपर्यंत चांगले राहतात.