कांदा परतताना आधी पाणी, मग रंग

काळ्या वाटाण्याचं सांबारं असो की कोंबडीचा रस्सा, वेंगुर्ल्याकडे वाटपाचा कांदा घाईत कुणी भाजत नाही. तो नीट तांबूस झाल्याशिवाय पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये जात नाही. पण याच घरात फोनवर बघून 'कॅरमलाइज्ड अनियन सॉस' करायला घेतला, की ही सगळी जाण बाजूला पडते. गॅस मोठा, वर चमचाभर साखर, आणि थोड्याच वेळात ओटीवरून विचारणा होते, "कांदो करपलो काय रे?" सॉसला लागतं ते इतकंच: कांदा, तेल, मीठ, पाणी आणि थोडं आंबट. त्याबद्दलचे गैरसमज मात्र जिनसांपेक्षा जास्त आहेत.

सगळ्यात जुना आणि चिवट गैरसमज वेळेचा. 'पाच मिनिटं परता, कांदा तपकिरी होईल' हे वाक्य मराठी पाककृतींत आहे तसंच इंग्रजीतही आहे. टॉम स्कोका या अमेरिकन पत्रकाराने २०१२ साली 'स्लेट'मध्ये त्यावर एक चिडका लेख लिहिला. नावाजलेल्या पाककृती वाचून कांदा परतायला बसलं तर प्रत्यक्षात पाऊण तास लागतो, मग हे लोक खोटं का लिहितात, असा त्याचा सवाल होता. पुढची गंमत २०१७ मधली. कांदा तपकिरी व्हायला किती वेळ लागतो असं विचारलं की गूगल 'सुमारे पाच मिनिटं' असं उत्तर दाखवायचं, आणि ते उचललेलं होतं स्कोकाच्याच लेखातून. त्याने खोडून काढण्यासाठी दिलेलं वाक्य त्याच्याच नावावर खपलं.

पाच मिनिटांत कांदा पारदर्शक होतो, फार तर कडा गुलाबी होतात. त्यापुढे जायला वेळ का लागतो, याचं उत्तर कांद्यातल्या पाण्यात आहे. कच्च्या कांद्याच्या वजनात साधारण ८६ ते ८९ टक्के पाणी असतं. म्हणजे अर्धा किलो कांदा कढईत टाकला तर सव्वाचारशे ग्रॅमहून जास्त पाणीच टाकलं. ते कढईत आहे तोवर कांद्याचं तापमान १०० अंशांच्या आसपास घुटमळतं, आणि तपकिरी रंग आणणाऱ्या क्रियांना वेग येतो तो त्याच्या बऱ्याच वर. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा इथे आठवावा. घरातल्या तापमानाचं एक ग्रॅम पाणी उकळीला आणायला ७०-७५ कॅलरी लागतात, पण तेच पाणी वाफ होऊन उडायला आणखी ५४०. कांदा पटकन शिजतो आणि मग रंगायचं नाव घेत नाही, त्याचं कारण हा सातपटीचा हिशेब आहे.

मग गॅस मोठा केला तर? पाणी लवकर उडतं, यात खोटं काही नाही. पण कढईच्या तळाशी टेकलेला कांदा आधी कोरडा होतो आणि वरचा अजून ओलाच असतो, त्यामुळे खालचा करपतो आणि वरचा कच्चा राहतो. बिर्याणीवरचा बिरिस्ता पंधरा-वीस मिनिटांत होतो, तो गरम तेलात बुडालेला असल्यामुळे. प्रत्येक कापाला सगळ्या बाजूंनी उष्णता मिळते आणि पाणी चहूकडून निसटतं. पण तो कुरकुरीत, सुकलेला कांदा. त्याचा सॉस केला तर तेलकट लगदा होतो. कुकरचा उपाय सुचवणारेही आहेत. कुकर पाणी कोंडून ठेवतो, त्यामुळे शिट्ट्यांनंतर हाती येतो तो मऊ, फिकट, रस सुटलेला कांदा, आणि तो आटवायला पुन्हा कढईपाशी उभं राहावंच लागतं.

वेळ दर वेळी सारखाच लागेल असंही नाही. वेंगुर्ल्याचा बहुतेक कांदा घाटावरून येतो. हिवाळ्याच्या तोंडाशी येणारा खरीप कांदा पाणीदार असतो आणि टिकतही नाही. पावसाळ्याआधी आगोटीच्या सामानात भरतात तो उन्हाळी कांदा जास्त घट्ट, जास्त तिखट. त्यामुळे पाककृतीतल्या मिनिटांपेक्षा कढईतल्या आवाजावर भरवसा ठेवावा. सुरुवातीला रसाची बुडबुड ऐकू येते, पाणी सरत आलं की तिची जागा तेलाची कोरडी चरचर घेते. रंगाचं काम तिथून सुरू होतं.

'साखर घातल्याशिवाय रंग येत नाही' हा दुसरा समज. कांद्यात मुळातच दर शंभर ग्रॅमला चार ते पाच ग्रॅम साखर असते, जवळजवळ गाजराइतकी. अर्धा किलोत ती वीस ग्रॅमच्या वर जाते, म्हणजे चार-पाच चहाचे चमचे. कच्च्या कांद्यात ती जाणवत नाही, कारण गंधकाच्या संयुगांचा तिखटपणा तिच्यावर बसलेला असतो. शिजताना तो तिखटपणा बराचसा उडून जातो, पाणी आटतं, आणि तीच साखर थोडक्या ऐवजात दाटते. कांदा परतल्यावर 'त्यात साखर तयार होते' असं म्हणतात, ते म्हणूनच फारसं खरं नाही. वरून घातलेली साखर रंग लवकर देते, पण तो रंग साखरेचा. कांदा आतून अजून तयार नसतो, आणि सॉस मुरांब्याकडे झुकतो.

याच ओघात गोड कांद्याचाही प्रश्न येतो. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे आणि कोशिंबिरीत तो उत्तमच लागतो. म्हणून सॉसला तोच हवा असा आग्रह धरला तर पैसे वाया जातात. चवीला गोड लागणाऱ्या कांद्यांत साखर फार जास्त असते असं नाही, तिखटपणा कमी असतो. पाऊण तासाच्या परतण्यात तिखटपणा तसाही जाणार आहे, तेव्हा बाजारातला साधा लाल कांदा पुरतो. माझं मत विचाराल तर तोच बरा, कारण त्याच्या मूळच्या तिखटपणातून सॉसला खोली येते.

रंग नक्की कशाचा, यावरही गोंधळ आहे. 'कॅरमल' या नावामुळे वाटतं की फक्त साखर तापून तपकिरी होते. ते होतं, पण सोबतीला दुसरी क्रिया चालू असते. कांद्यातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी जुळून तपकिरी रंग आणि खमंग वास तयार करतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार याने १९१२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. भाकरीचे डाग, भाजलेलं खोबरं, कॉफीच्या बिया, सगळीकडे तीच. परतलेल्या कांद्याला मटणाच्या रश्शासारखा भरीव वास येतो तो हिच्यामुळे. नुसत्या जाळलेल्या साखरेला तो येत नाही.

ही क्रिया आम्लात मंदावते आणि क्षारात जोर धरते. खाण्याच्या सोड्याची युक्ती त्यावरच उभी आहे. चिमूटभर सोडा टाकला की कांदा निम्म्याच्या आसपास वेळात रंगतो. 'सोडा म्हणजे फसवणूक' म्हणणाऱ्यांचा राग मला पूर्ण पटत नाही. सोड्याने कांद्याचं पेक्टिन विरघळतं आणि काप गळून जातात. वर सजवायला कांदा हवा असेल तर हे नुकसानच आहे, पण सॉस शेवटी घोटायचाच असतो. प्रमाण मात्र पाळावं: अर्धा किलोला चहाच्या चमच्याचा आठवा हिस्सा, चमचाभर पाण्यात विरघळवून. जास्त झाला की साबणासारखी चव येते, आणि लाल कांद्याचा जांभळा रंग क्षारात हिरवट-निळसर होतो, ते वेगळंच.

मिठाचा समज उलटा आहे. 'मीठ आधी घातलं तर कांद्याला पाणी सुटतं आणि रंग येत नाही.' पाणी सुटतं हे खरं, पण तेच तर बाहेर काढायचं आहे. सुरुवातीलाच मीठ पडलं की काप लवकर मान टाकतात आणि सगळे एकसारखे शिजतात. १९३० च्या सत्याग्रहात नाव गाजलेली शिरोड्याची मिठागरं याच तालुक्यातली. त्या बाजूचं जाड मीठ घरात असेल तर चमच्याने मोजताना सावध राहावं, कारण जाड खड्यांचा आणि बारीक पुडीतल्या मिठाचा चमचा वजनाला सारखा भरत नाही. आणि शेवटी कांदा पाव हिश्श्याच्या आसपास उरतो, पण मीठ तेवढंच राहतं.

झाकणाबद्दल दोन्ही टोकं चूक. पहिली दहा मिनिटं झाकण हवं, वाफेने कांदा बसतो. त्यानंतर ठेवलं तर उडालेलं पाणी थेंबांनी परत खाली येतं.

तळाला लागलेला थर पाहून घाबरणारे आणि तो काळा होईपर्यंत थांबणारे, असे दोन पंथ आहेत. तपकिरी थर म्हणजे चवीचा गाळीव ऐवज. चमचाभर पाणी शिंपडून तो उलथन्याने सोडवायचा आणि कांद्यात मिसळायचा. असं तीन-चारदा केलं की रंग कांद्यात सारखा भिनतो. काळा झालेला थर मात्र कडू, आणि तो पाण्याने सुधारत नाही. चुलीच्या निखाऱ्यात अख्खा कांदा भाजतात तेव्हा साल कोळसा होते, पण ती काढून टाकतात आणि आतला कांदा स्वतःच्याच वाफेत शिजलेला असतो. त्याला धुराचा वास सुरेख येतो आणि वाटपात तो हवाच, पण या सॉसची गोडी त्यात उतरत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. अर्धा किलो कांदा उभा, सारख्या जाडीचा चिरावा. जाड बुडाच्या कढईत दोन मोठे चमचे तेल पुरे, जास्त तेलाने वेळ वाचत नाही. कांदा, अर्धा चमचा मीठ, मध्यम आच, दहा मिनिटं झाकण. मग झाकण काढून आच थोडी कमी करावी आणि दर दोन-तीन मिनिटांनी हलवत राहावं. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत जेमतेम वाटीभर गडद तांबूस कांदा उरतो. त्यात दीड वाटी पाणी किंवा कोंबडीचं, भाज्यांचं सूप घालून उकळी आणावी, अर्धा कांदा वाटून परत घालावा, मिरपूड टाकावी. दाटपणासाठी मैद्याची गरज नाही. वेंगुर्ल्यात काजूला तोटा नसतो, प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जातींना गावाचंच नाव आहे. आठ-दहा भिजवलेले काजू वाटून घातले की सॉस अंगाने जाड होतो.

आंबटपणाला व्हिनेगर किंवा वाइनच लागते असं नाही, दोन-तीन आमसुलं ते काम चोख करतात. फक्त ती शेवटी घालावीत. आधी घातली तर आम्लामुळे रंग येणं लांबतं. शिवाय कांदा लोखंडी कढईत परतला असेल तर आमसुलं घालण्याआधी सॉस स्टीलच्या भांड्यात काढावा, नाहीतर तो काळवंडतो आणि लोखंडाची चव येते. भाजलेली कोंबडी, उकडलेली अंडी, पाव, घावणे, कशाबरोबरही चालतो. ताज्या बांगड्यावर मात्र मी तो घालणार नाही, बांगड्याला तिरफळंच बरी.

राहिला टिकण्याचा प्रश्न, आणि इथला गैरसमज चवीपुरता नाही. 'तेलात इतका परतलाय, लोणच्यासारखा बाहेर राहील' असं वाटतं. लोणचं आंबट आणि खारट असतं म्हणून टिकतं, या कांद्यात दोन्ही जेमतेम आहे. १९८३ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या पिओरिया शहरात एका उपाहारगृहातला परतलेला कांदा खाऊन २८ जण बोट्युलिझमने रुग्णालयात गेले. तो कांदा मार्गरीनमध्ये परतून तसाच कोमट ठेवलेला होता. बोट्युलिझम घडवणाऱ्या, मातीतून येणाऱ्या जिवाणूचे बीजाणू साध्या शिजण्याने मरत नाहीत, आणि स्निग्धाखाली हवा पोचत नसल्यामुळे ऊब मिळाली की ते रुजतात आणि त्यांतून वाढलेले जिवाणू विष तयार करतात. वेंगुर्ल्याच्या दमट उकाड्यात सॉस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. तिथे तो तीन-चार दिवस राहतो, आणि त्याहून जास्त हवा असेल तर बर्फाच्या साच्यात गोठवावा. रात्रभर वीज गेली असेल तर टाकून द्यावा.

याउलट, 'कापून ठेवलेला कच्चा कांदा हवेतले जंतू ओढून विषारी होतो' हा निरोप फोनवरून वर्षानुवर्षं फिरतो आहे. कांदा जंतू ओढत नाही. उरलेला अर्धा कांदा झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पोह्यांना वापरा.