खोल्या जूनपूर्वी पूर्ण होतील का? बांधकामाचे नियोजन आणि संगणक



मागच्या वेळी शाळेच्या दोन खोल्या पावसाळ्यापूर्वी पूर्ण होतील असे आम्ही आपणा सर्वांना सांगितले होते. पाया वेळेत झाला, स्लॅबही वेळेत झाला. राहिल्या त्या खिडक्या! स्लॅबच्या गडबडीत त्यांची ऑर्डर द्यायचे राहून गेले. बेळगावचा पाऊस काही कुणासाठी थांबत नाही. गिलावा अडला आणि आठवीच्या मुलांना दिवाळीपर्यंत सभागृहात मध्ये पडदा बांधून बसावे लागले. चूक गवंड्यांची नव्हती, आमच्या नियोजनाची होती.

आता पुन्हा दोन खोल्या बांधायच्या आहेत. देणगीदारांचा पैसा आहे, मुलांचे वर्ष आहे. म्हणून या वेळी कामाचा आराखडा संगणकावर करायचे ठरले आहे. संगणक यात नेमके काय करतो, ते या लेखात पाहू.

बांधकामात प्रत्येक काम दुसऱ्या कुठल्या तरी कामावर अवलंबून असते. भिंतीआधी स्लॅब नाही, गिलाव्याआधी रंग नाही. हे अवलंबून असणे आणि प्रत्येक कामाचे दिवस संगणकाला सांगावे लागतात. आमचा कच्चा अंदाज असा आहे :

पाया – 12 दिवस
जोते व भिंती – 20 दिवस
सेंट्रिंग, सळई व काँक्रीट – 10 दिवस
स्लॅब पक्का होऊन टेकू काढेपर्यंत – 14 दिवस
गिलावा – 12 दिवस
फरशी – 8 दिवस
रंग – 7 दिवस

ही कामे एकामागून एकच करावी लागतात. बेरीज 83 दिवस. समजायला सोपे जावे म्हणून सुट्या तूर्त बाजूला ठेवू. 10 मार्चला कुदळ मारली तर 31 मेला रंगाचा शेवटचा हात बसेल. शाळा भरायला आणि पाऊस यायला तेव्हा फारसे दिवस उरलेले नसतात.

याच काळात दोन कामे बाहेर चालू असतील. लोखंडी खिडक्या तयार होऊन बसायला 45 दिवस आणि बाके तयार व्हायला 30 दिवस. खिडक्या गिलाव्यापूर्वी बसायला हव्यात. गिलावा सुरू होतो 57 व्या दिवशी, म्हणजे 5 मेला. त्यामुळे खिडक्यांच्या कामाला 56 दिवस मिळतात आणि लागतात 45. उरलेले 11 दिवस ही त्या कामाची ‘सवड’. बाके अगदी शेवटी लागतात, म्हणून त्यांची सवड तब्बल 53 दिवसांची आहे. पाया, भिंती, स्लॅब यांना मात्र एका दिवसाचीही सवड नाही. अशा बिनसवडीच्या कामांच्या साखळीला ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात.

संगणक हे गणित दोनदा करतो. आधी पहिल्या दिवसापासून पुढे मोजत जाऊन प्रत्येक काम लवकरात लवकर कधी सुरू होईल ते काढतो. मग शेवटच्या दिवसापासून मागे येत, ते उशिरात उशिरा कधी सुरू केले तरी चालेल ते काढतो. दोन तारखांतले अंतर म्हणजे सवड. दहावीतल्या कुणालाही वहीत जमेल असे हे गणित आहे. पण कामे दोनशे असली आणि रोज एखादी तारीख बदलू लागली की वही पुरत नाही.

आता मागची चूक या गणितात घालून पाहू. खिडक्यांची ऑर्डर 21 मार्चला दिली तरी 31 मे ही तारीख टिकते. ती 30 मार्चला दिली, तर खोल्या 9 जूनला पूर्ण होतील. मार्चमध्ये भिंती चढत असतात, सगळे छान चाललेले दिसते. उशीर तेव्हाच झालेला असतो. तो कळतो मात्र मे महिन्यात. संगणक तो मार्चमध्येच दाखवतो.

ही पद्धत तशी जुनी आहे. कामाच्या पट्ट्या तारखांपुढे आखण्याचा हेन्री गँट यांचा तक्ता शंभर वर्षांपूर्वीपासून वापरात आहे. क्रिटिकल पाथची पद्धत 1957 च्या सुमारास अमेरिकेत ड्युपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी बसवली. रासायनिक कारखान्यांची बांधकामे आणि दुरुस्त्या वेळेत व्हाव्यात हा हेतू होता, आणि गणितासाठी युनिव्हॅक हा खोलीभर पसरणारा संगणक होता. 1958 मध्ये अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ ही अशीच पद्धत काढली. आज मोठ्या प्रकल्पांवर प्रायमाव्हेरा किंवा मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट वापरतात. आपल्या दोन खोल्यांना गँटप्रोजेक्टसारखा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे.

विश्वस्तांसाठी यात आणखी एक सोय आहे. प्रत्येक कामापुढे खर्च लिहिला की कोणत्या आठवड्यात किती रक्कम हाताशी हवी तेही दिसते. शिवाय घाई करायचीच झाली तर पैसा कुठे घालावा हे कळते. बाके लवकर करून घेण्यासाठी जादा पैसे देणे व्यर्थ. भिंतीवर दोन गवंडी वाढवणे उपयोगाचे. आणि टेकूंचे 14 दिवस तर कुणीच कमी करू नयेत. साडेचार मीटरपेक्षा जास्त गाळ्याच्या स्लॅबसाठी भारतीय मानकातच साधारणपणे किमान तेवढे दिवस सांगितले आहेत.

मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. संगणकाला आपण सांगू तेवढेच कळते. पाडव्याला आणि गावच्या यात्रेला कामगार घरी जातात, हे त्याला सांगावे लागते. रविवारी गवंडी सुटीवर असला तरी स्लॅब पक्का होतच असतो आणि त्यावर पाणी मारावेच लागते, हेही सांगावे लागते. ‘काम जवळजवळ झाले’ अशी नोंद चालत नाही. किती फूट भिंत झाली ते रोज भरावे लागते. नोंद खोटी, तर तारीखही खोटी.

म्हणूनच एक विनंती. आपल्या पालकांत गवंडी आहेत, सेंट्रिंगवाले आहेत, फरशीवाले आणि रंगारी आहेत. वर दिलेले दिवस आम्ही टेबलाशी बसून धरले आहेत. ते बरोबर आहेत की नाहीत हे आपणच सांगू शकता. कुदळ मारण्यापूर्वी एका संध्याकाळी शाळेत या आणि आमचे आकडे दुरुस्त करा. नववी-दहावीची मुले ते संगणकात भरतील आणि दर शनिवारी नवा तक्ता सूचना फलकावर लावतील. त्यात काम मागे पडलेले दिसले, तर तेही सर्वांना दिसू दे. कळेल तेव्हाच सावरता येईल.