चित्र-संपादनाची मुक्त साधने : निवड कशी करावी?

शाळेच्या वार्षिकाचे मुखपृष्ठ, विज्ञान प्रदर्शनाचे तक्ते, सहलीचे फोटो ही कामे आता शाळेतल्या संगणकावरच होतात. त्यासाठी 'फोटोशॉप'च हवे असे आपण धरून चालतो. मग दोनच वाटा उरतात : वर्गणी भरायची किंवा चोरीची प्रत वापरायची. पहिली वाट बहुतेक शाळांना परवडत नाही. दुसरीने गेलो तर मुले त्यातून काय शिकतात, हे वेगळे सांगायला नको. तिसरी वाट आहे ती मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरची. मात्र ती निवडताना आधी आपल्या कामाचे स्वरूप ओळखायला हवे.

चित्र दोन प्रकारचे

दोसुती कापडावरचे भरतकाम आठवा. प्रत्येक चौकटीत एका रंगाचा टाका असतो. संगणकातला फोटो असाच बनतो. त्यातल्या चौकटीला पिक्सेल म्हणतात. ए-फोर आकाराचे पान इंचाला 300 टिंबे या प्रमाणात घेतले, तर आडवे 2480 आणि उभे 3508, म्हणजे सुमारे 87 लाख पिक्सेल होतात. प्रत्येकाला लाल, हिरवा व निळा या रंगांसाठी एकेक बाइट धरला, तर एका पानाला सुमारे 26 मेगाबाइट स्मृती लागते. चित्र फार मोठे केले की चौकटी दिसू लागतात.

दुसरा प्रकार भूमितीतल्या रचनेसारखा. 'केंद्र इथे, त्रिज्या इतकी' एवढीच सूचना साठवलेली असते. संगणक दरवेळी वर्तुळ नव्याने काढतो, म्हणून आकृती कितीही मोठी केली तरी कडा रेखीव राहते.

कोणते साधन कशासाठी?

फोटोंसाठी 'गिम्प' आहे. फोटोशॉपची पहिली आवृत्ती 1990 साली आली. त्यानंतर 1995 साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी गिम्पचे काम सुरू केले आणि 1996 साली ते सर्वांसाठी खुले झाले. लिनक्सचे चिन्ह असलेला पेंग्विन लॅरी युइंग यांनी त्याच वर्षी गिम्पमध्येच काढला. फुलाचा छेद, विद्युत मंडल, नकाशा अशा आकृत्यांसाठी 'इंकस्केप' (2003) वापरावे. हाताने रंगवायचे असेल तर 'क्रिता'. केरळमधील शाळांच्या पाठ्यपुस्तकांतून गिम्प व इंकस्केप शिकवले गेले आहेत.

'मुक्त' याचा अर्थ केवळ फुकट नव्हे. ही साधने वापरण्याची, त्यांची रचना अभ्यासण्याची, त्यांत बदल करण्याची आणि प्रती वाटण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असते. शाळेत वापरलेलीच प्रत विद्यार्थ्याने घरी नेली, तर त्यात काही गैर नाही.

निवडण्यापूर्वी

तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, जुन्या फाइली. गिम्प फोटोशॉपच्या फाइली उघडते, पण त्यांतले काही परिणाम जसेच्या तसे येत नाहीत. दुसरी, छपाई. छापखान्यात निळसर, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार शायांत काम चालते, तर गिम्प मुख्यतः पडद्याच्या तीन रंगांत काम करते. 2025 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत चार शायांसाठी काही सोयी आहेत. तरी छापखान्याला कोणती फाइल हवी ते आधी विचारून घ्यावे. तिसरी, देवनागरी. युनिकोड टंक वापरला तर गिम्प व इंकस्केपमध्ये जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट उमटतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकातला मजकूर मात्र आधी रूपांतरित करावा लागेल.

यांपैकी एखादी अडचण रोजच्या कामाच्या आड येत असेल, तर व्यापारी साधन घेणे हाही योग्य निर्णय ठरतो. पण तो हिशेब करून घ्यावा.

वर्गात करून पाहा

एक पान पांढऱ्या कागदावर ठेवून इंचाला 100 टिंबे या प्रमाणात स्कॅन करा. गिम्पमधील 'थ्रेशोल्ड' हे साधन ठरावीक मर्यादेपेक्षा उजळ पिक्सेल पांढरे करते आणि उरलेले काळे. मग 'हिस्टोग्रॅम'मध्ये काळ्या पिक्सेलांची संख्या वाचा. एका चौरस इंचात 100 × 100, म्हणजे 10,000 पिक्सेल असतात. समजा, काळे पिक्सेल 62,000 आले, तर पानाचे क्षेत्रफळ 6.2 चौरस इंच, म्हणजे सुमारे 40 चौरस सेंटिमीटर झाले.

तेच पान आलेख-कागदावर ठेवून चौकोन मोजा. दोन उत्तरांत फरक किती पडतो? थ्रेशोल्डची मर्यादा थोडी वरखाली केली तर क्षेत्रफळ का बदलते? पानाच्या कडेची सावली आणि फिकट शिरा यांचा त्यात किती वाटा असेल? हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.