लिशियाच्या किनाऱ्यावरील त्रैभाषिक दानलेख व त्याच्या परिसरांतील स्थळें

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्येस, फेथिये व अंतालिया या शहरांच्या दरम्यान, जो डोंगराळ मुलूख भूमध्य समुद्रांत पुढें आला आहे, त्यास प्राचीन काळीं लिशिया असें नांव होतें. तेथील लोक स्वतःस 'त्र्मिली' म्हणवीत. या किनाऱ्यावर दरवर्षीं असंख्य प्रवासी जातात. मार्गदर्शक पुस्तकें त्यांस समुद्रस्नानाच्या जागा सांगतात आणि जातां जातां एखादें नाट्यगृह किंवा कड्यांत कोरलेलें थडगें दाखवितात. परंतु जुने कागद व ताम्रपट हाताळण्याची ज्यांस संवय आहे अशा वाचकांस या किनाऱ्याचें द्रव्य निराळेंच वाटेल. येथें लेख जागोजागीं आहेत, व त्यांपैकीं एक तर असा आहे कीं, तो वाचतांना आपल्याकडील एखादें इनामपत्रच पुढ्यांत आहे असा भास व्हावा. त्या लेखापासून आरंभ करून हा किनारा कसा पाहावा, तें येथें सांगावयाचें आहे.

पहिला मुक्काम फेथिये येथें करावा. याचें प्राचीन नांव तेल्मेस्सोस. गांवामागील कड्यांत अमिंतास नामक गृहस्थाचें, देवळाच्या दर्शनी भागासारखें कोरलेलें थडगें आहे; तें सर्वच पाहतात. लेखाभ्यासकानें मात्र आधीं गांवांतील संग्रहालयांत जावें. लेतोओन येथील त्रैभाषिक शिळा तेथें ठेविली आहे. फ्रेंच संशोधकांच्या उत्खननांत ती १९७३ सालीं सांपडली. एका रुंद बाजूवर ग्रीक भाषेच्या ३५ ओळी, दुसऱ्या रुंद बाजूवर लिशियन भाषेच्या ४१ ओळी व मधल्या अरुंद बाजूवर अरमाईक भाषेच्या २७ ओळी आहेत.

मजकूर येणेंप्रमाणें : हेकातोम्नोसचा पुत्र पिक्सोदारोस लिशियाचा क्षत्रप झाल्यावर क्सांथोस नगरच्या व आसपासच्या रहिवाशांनीं दोन देवतांसाठीं वेदी स्थापन करण्याचें ठरविलें. त्यांपैकीं मुख्य देवता कौनोस नगरीचा 'राजा' या नांवानें ओळखिली जाई. कोंदोरासिसचा पुत्र सिमियास यास पुजारी नेमिलें, व त्याच्यामागें जो त्याचा सर्वांत जवळचा आप्त असेल त्यास तें पद निरंतर चालावें असें ठरलें. पुजाऱ्याच्या मालमत्तेस करमाफी दिली. नगरानें जमीन दिली. ती पूर्वीं कोण कसत होतें त्यांचीं नांवेंही नमूद केलीं. शिवाय दरसाल दीड मिना रुपें द्यावयाचें, व दास्यांतून मुक्त होणाऱ्या प्रत्येकानें देवास दोन द्राख्मा द्यावयाचे. प्रत्येक मासारंभीं एक मेंढा व वर्षास एक बैल बळी द्यावा. हें सर्व पाळण्याची नगरवासीयांनीं शपथ वाहिली. जो कोणी यांत फेरफार करील तो या देवतांचा, लेतो देवीचा व तिच्या अपत्यांचा अपराधी होय.

वाचकांच्या ध्यानांत साम्य आलेंच असेल. वंशपरंपरा चालणारी वृत्ति, सर्वमान्यता, पूर्वींच्या कसणारांच्या नांवांनीं पटविलेली जमीन, नेमलेली सालीना रक्कम, आणि शेवटीं शापवचन : शिलाहार-यादवकालीन दानलेखांची हीच बांधणी आहे. भेद इतकाच कीं, दान मोडणारास भय घालण्यासाठीं आपल्या शिळांवर गर्दभाचें चित्र कोरीत, तर येथें देवतांचीं नांवें पुरेशीं वाटलीं. एका देशानें हा नमुना दुसऱ्याकडून घेतला असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. जमीन देऊन ती पुढील पिढ्यांच्या हातून सुरक्षित राखावयाची ही अडचण दोहोंकडे एकच होती, व तिच्यावर सुचलेला उपायही एकच, एवढेंच यावरून निघतें.

तिन्ही मजकूर मात्र एकमेकांचीं शब्दशः भाषांतरें नव्हेत, आणि येथेंच या लेखाची खरी गोडी आहे. ग्रीक व लिशियन पाठ नगरवासीयांच्या बाजूनें बोलतात. त्यांत स्थानिक अधिकाऱ्यांचीं नांवें आहेत, परंतु तिथि नाहीं. अरमाईक ही इराणी साम्राज्याच्या दप्तराची भाषा. तो पाठ राजाच्या वर्षगणनेनेंच सुरू होतो : अर्तक्षत्र राजाचें पहिलें वर्ष, सिवान महिना. आदिलशाहींतील फार्सी-मराठी द्विभाषी फर्मानें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस दप्तराची भाषा व रयतेची भाषा यांचा एकाच दस्तऐवजावरील हा शेजार नवा वाटणार नाहीं. या तिथीवर विद्वानांत बराच वाद झाला. अर्तक्षत्र तिसरा मानल्यास इ. स. पू. ३५८ हें वर्ष येतें. पण पिक्सोदारोसची कारकीर्द त्यानंतरची आहे. म्हणून हा अर्तक्षत्र चौथा असावा व लेख इ. स. पू. ३३७ चा असावा, हें मत आज अधिक मान्य आहे व आम्हांसही तेंच पटतें.

अरमाईक पाठांतील आणखी एक शब्द आपल्या वाचकांस थांबवील. ग्रीक पाठांत लेतोचीं अपत्यें म्हणून ज्यांचा मोघम उल्लेख आहे, त्यांपैकीं अपोलोच्या जागीं येथें 'ख्शत्रपति' असें इराणी नांव आलें आहे. त्याचें संस्कृत रूप क्षत्रपति. आपल्या 'छत्रपति' शब्दाशीं त्याचा संबंध जोडण्याचा मोह कोणास होऊं नये. छत्रपतींतील छत्र निराळें. परंतु 'क्षत्रप' या अधिकारनामाचें नातें खरें आहे. पिक्सोदारोस ज्या पदावर होता त्याच पदाचें नांव पुढें चारपांच शतकांनीं नहपानाच्या लेखांत आपल्या सह्याद्रींत उमटलें. नाशिकच्या लेण्यांत त्याचा जांवई उषवदात यानें ३००० कार्षापणांची अक्षयनीवि विणकरांच्या श्रेणींकडे व्याजीं ठेविल्याचें कोरविलें आहे. क्सांथोसच्या लोकांनीं देवाचा भार नगरावर टाकला, उषवदातानें भिक्षूंचा भार कारागिरांच्या श्रेणींवर टाकला. हीं दोन दानें शेजारीं ठेवून वाचावीं अशीं आहेत.

शिळा पाहून झाल्यावर ती जेथें उभी होती तें स्थळ पाहावें. लेतोओन हें लिशियाचें सामायिक तीर्थ. लेतो, आर्तेमिस व अपोलो यांच्या तीन देवळांचे पाये तेथें एका ओळींत आहेत. एशेन नदीच्या गाळानें जमीन उंचावली व खालचें पाणी वर आलें, त्यामुळें स्थळाचा बराच भाग पाण्याखालीं असतो. लेतोला पाणी नाकारणाऱ्या शेतकऱ्यांचे बेडूक झाले अशी जुनी कथा आहे, व बेडूक तेथें आजही आहेत.

तेथून सुमारें चार किलोमीटरांवर, किनिक गांवाजवळ, क्सांथोस नगराचे अवशेष आहेत. इराणी सेनापति हार्पागोस चालून आला तेव्हां येथील पुरुषांनीं बायकामुलांसह किल्ला पेटवून दिला व लढून मेले, असें हिरोडोटस सांगतो, इ. स. पू. ४२ मध्यें ब्रूटसच्या स्वारींतही असाच प्रकार घडला. आपल्याकडील जोहाराच्या कथा ज्यांस पाठ आहेत त्यांस अधिक सांगणें नको. येथील लेखस्तंभ इ. स. पू. ४०० च्या सुमाराचा असून अद्याप आपल्या जागीं उभा आहे. त्याच्या चारी बाजूंवर मिळून अडीचशेंहून अधिक ओळी आहेत. त्यांत लिशियन, तिचीच एक दुर्बोध बहीण, व बारा ओळींचें ग्रीक पद्य आहे. पद्य हें इतर मजकुराचें भाषांतर नसल्यामुळें त्याची किल्ली म्हणून उपयोग होत नाहीं. म्हणूनच १९७३ ची शिळा सांपडल्यावर लिशियन भाषेच्या वाचनास जो आधार मिळाला, तो हा स्तंभ देऊं शकला नव्हता.

क्सांथोसमध्यें रिकाम्या जागाही पाहाव्या. चार्ल्स फेलोज यानें १८३८ सालीं हें नगर पाहिलें आणि १८४२ पासून, सुलतानाचें फर्मान मिळवून, येथील शिल्पें लंडनला नेलीं. नेरेइड स्मारक व पायावाचें थडगें ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. 'हार्पी' थडग्यावर हल्लीं दिसतात त्या प्रतिकृति होत. शिल्पें सुरक्षित राहिलीं हें खरें. परंतु थडगें कोणत्या रस्त्याकडे तोंड करून होतें, कोणाच्या शेजारीं होतें, हें लंडनच्या दालनांत समजत नाहीं. दप्तराच्या रुमालांतून सुटा काढलेला कागद वाचतांना जी पंचाईत होते, तीच ही.

पातारा येथील लांबच लांब वाळूच्या किनाऱ्याकडे सर्वांचा ओढा असतो. प्राचीन बंदर गाळानें भरून गेलें आहे. लिशियन संघाच्या सभेचें सभागृह मात्र पुन्हां उभें केलें आहे. संघांत २३ नगरें असून मोठ्यांस तीन, मध्यमांस दोन व लहानांस एक मत असे, असें स्ट्रॅबो लिहितो. येथेंच १९९३ सालीं क्लॉडियसच्या काळचा, इ. स. ४५-४६ चा, मार्गस्तंभ सांपडला. लिशियांतील कोणत्या नगरापासून कोणतें नगर किती स्टॅडियन दूर, याची ती ग्रीक भाषेंतील यादीच आहे. आपल्याकडील मजलींच्या यादींचा ज्यांनीं उपयोग केला आहे त्यांनीं हिचें मोल जाणावें. अवशेषांस नांव देतांना विद्वानांस आतां तर्कापेक्षां अंतरांचा आधार मिळतो.

पुढें काश गांव लागतो. भर बाजारांत एक उंच लिशियन शवपेटी लेखासह उभी आहे. अशा थडग्यांवरील मजकूर बहुधा ठराविक : हें बांधकाम अमक्यानें बांधलें, आपल्या पत्नीसाठीं व मुलांसाठीं. 'लद' म्हणजे पत्नी, 'तिदेइमि' म्हणजे मूल, 'से' म्हणजे आणि, एवढें शिकून गेलें तरी पुष्कळ लेखांत ओळखीचे शब्द भेटतात. रोमन काळांतील ग्रीक लेखांत परक्याचें प्रेत पुरणारास दंड सांगितलेला असतो, व खबर देणारास त्यांतील तिसरा हिस्सा मिळे.

काशजवळच उलुबुरून नांवाच्या भूशिरापाशीं १९८२ सालीं एका स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यास ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकांतील बुडालेलें जहाज आढळलें. त्यांत सुमारें दहा टन तांबें होतें; परंतु हस्तलिखितांच्या शोधकास त्यांतील एक लहानशी वस्तु अधिक मोलाची वाटेल. ती म्हणजे हस्तिदंती बिजागरीची, मिटतां येणारी लांकडी लेखन-पाटी. तिच्यावरील मेण व अक्षरें गेलीं आहेत. होमरच्या इलियडमध्यें लेखनाचा जो एकच उल्लेख येतो, तो घडीच्या पाटीवर घातक चिन्हें लिहून बेलेरोफोनला लिशियाच्या राजाकडे पाठविल्याचा आहे. तशी पाटी याच किनाऱ्यालगत मिळावी, हा योगायोग असला तरी विसरण्यासारखा नाहीं. पाटी हल्लीं बोद्रुमच्या संग्रहालयांत असते.

काश किंवा उचाअझ येथून नौका केकोवाकडे जातात. भूकंपांनीं खचलेलें गांव पाण्याखालीं दिसतें, व सिमेना येथें एक शवपेटी समुद्रांतच उभी आहे. बुडालेल्या अवशेषांपाशीं पोहण्यास मनाई आहे. देम्रेजवळ मिरा येथील थडग्यांचा कडा, व त्याच्या बंदरांत, आंद्रियाके येथें, हेड्रियनचें धान्यकोठार पाहावें. जकातीचा एक मोठा कायदेलेखही त्या बंदरांत मिळाला आहे. ओलिम्पोस व फासेलिस यांस एक दिवस पुरे.

प्रवास वसंतांत किंवा उन्हाळा सरल्यावर करावा. भर उन्हांत दगडावरील अक्षरें दिसत नाहींत, सकाळची अथवा संध्याकाळची तिरपी उन्हें लागतात. ठसे घेण्यास सरकारी परवानगी हवी. आणि संग्राहकांस एक स्पष्ट सूचना : १९८३ च्या २८६३ क्रमांकाच्या कायद्यानें प्राचीन वस्तूंवर राज्याची मालकी आहे व त्या देशाबाहेर नेणें गुन्हा आहे. कोणी नाणें अथवा अक्षरांचा तुकडा विकावयास आणला, तर तो हातींही घेऊं नये. शक्य तर तो कोठें मिळाला तेवढें विचारून जवळच्या संग्रहालयास कळवावें.