दंतविन्यासोपचार : पाहणी केव्हा आणि तार केव्हा?

पडलेला दुधाचा दात घराच्या कौलांवर भिरकावून द्यावयाचा, ही कोकणातील मुलांची जुनी रीत. तिच्यामागची समजूत निरुपद्रवी आहे; परंतु तिच्या जोडीने वावरणारी दुसरी समजूत तशी नाही. 'दुधाचे दात पडावयाचेच आहेत, मग ते किडले काय आणि काढले काय', असे रत्नागिरीत आणि रत्नागिरीबाहेरही चांगल्या सुशिक्षित घरांतून ऐकू येते. वेड्यावाकड्या दातांच्या कित्येक तक्रारींचे मूळ ह्या एका वाक्यात आहे.

दात योग्य रांगेत आणण्याच्या शास्त्रास ऑर्थोडॉन्टिक्स म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास दंतविन्यासोपचार म्हटले आहे. बोलभाषेत हेच 'दातांना तारा लावणे'. तारांचे प्रकार सांगणे हा येथे हेतू नाही. कोणती तार, ह्यापेक्षा केव्हा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि तोच बहुधा विचारला जात नाही.

प्रथम दात हलतो कसा ते पाहू. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड ह्यांच्या दरम्यान सुमारे पाव मिलीमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो व त्यात दात जणू टांगलेला असतो. दातावर एका बाजूने हलका पण सतत दाब ठेवला, की दाबाच्या बाजूस हाड विरघळविणाऱ्या पेशी कामास लागतात आणि ताणाच्या बाजूस नवे हाड रचले जाते. कार्ल सँडस्टेड ह्यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांवरून १९०४-०५ साली हे दाखविले. पुढे १९३२ साली श्वार्ट्झ ह्यांनी असे मांडले, की हा दाब केशवाहिन्यांतील रक्तदाबाहून, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला २० ते २६ ग्रॅमहून, अधिक नसावा. दाब वाढविला तर तंतूंचा रक्तपुरवठा खुंटतो, पेशी मरतात आणि दात लवकर सरकण्याऐवजी काही काळ अडूनच बसतो. 'जरा घट्ट आवळा, म्हणजे लवकर होईल', ही रुग्णांची विनंती म्हणूनच मान्य करता येत नाही. महिन्याला साधारण एक मिलीमीटर ही दाताची चाल आहे.

आता दुधाच्या दातांकडे वळू. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. ती कोणत्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नसल्यामुळे पुष्कळ आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. दुधाची शेवटची दाढ तिच्या जागी येणाऱ्या उपदाढेपेक्षा रुंद असते. खालच्या जबड्यात अशी शिल्लक जागा प्रत्येक बाजूस सुमारे दोन मिलीमीटर भरते आणि पुढच्या दातांची दाटी सोडविण्यास ती उपयोगी पडते. परंतु किडीमुळे ही दुधाची दाढ सातव्या-आठव्या वर्षीच काढून टाकली, तर मागची कायमची दाढ पुढे कलते आणि उपदाढेची वाट अडवून बसते. जागा राखणारी एक लहानशी तार त्याच वेळी बसविली असती, तर जे टळले असते, त्यासाठी पुढे दीड-दोन वर्षांचा उपचार करावा लागतो.

वरच्या जबड्यात ह्या दाटीचा फटका सुळ्याला बसतो. तो अकराव्या-बाराव्या वर्षी, बहुतेक शेजारी दात येऊन बसल्यावर उगवतो. त्याला जागा उरलेली नसते, म्हणून तो हिरडीत उंचावर, बाहेरच्या अंगाने डोकावतो. 'तो वरचा दात काढून टाका', असा आग्रह पालक धरतात. वास्तविक सुळ्याचे मूळ सर्वांत लांब आणि त्याची पकड भक्कम. काही काढणे अटळच असेल तर बहुधा उपदाढ काढतात आणि सुळ्याला रांगेत घेतात.

तेव्हा पहिली पाहणी सातव्या वर्षाच्या सुमारास व्हावी, असे अमेरिकन दंतविन्यासतज्ज्ञांच्या संघटनेचे जे मत आहे ते रास्त दिसते. पण लवकर पाहणी म्हणजे लवकर तार नव्हे. वरचे दात पुढे आलेल्या मुलांवर अमेरिकेत व ब्रिटनमध्ये तुलनात्मक चाचण्या झाल्या. लहान वयात एकदा आणि किशोरवयात पुन्हा, असा दोन टप्प्यांचा उपचार केलेल्या मुलांना किशोरवयात एकदाच उपचार घेतलेल्या मुलांपेक्षा अंतिमतः फारसा अधिक लाभ झाला नाही. मात्र पडझडीत पुढचे दात तुटण्याचे प्रमाण पहिल्या गटात कमी आढळले. थोडक्यात, आठव्या वर्षी तारा लावू पाहणाऱ्याने कारण सांगितले पाहिजे. अशी कारणे असतात: वरचे दात खालच्यांच्या आत मिटणे, वरचा जबडा अरुंद असल्याने चावताना खालचा जबडा एका बाजूस सरकणे, कायमचे दात येऊ लागले तरी न सुटलेली अंगठा चोखण्याची सवय. टाळूच्या मध्यावरील सांधा मुलांत सहज रुंदावता येतो. वाढ संपल्यावर तो गुंतून घट्ट होतो आणि पुढे त्यासाठी हाडात बसविलेल्या बारीक स्क्रूंची वा शस्त्रक्रियेची मदत घ्यावी लागते.

प्रौढांचे काय? दात साठाव्या वर्षीही सरकतात, कारण वर सांगितलेली पेशींची क्रिया आयुष्यभर चालते. वाढ मात्र संपलेली असते, म्हणून जबड्यांतील विषमता केवळ तारांनी नाहीशी होत नाही. खरी अट हिरड्यांची आहे. मिश्री आणि तंबाखू ह्यांनी हिरड्या ढासळलेल्या असतील, मधुमेह आटोक्यात नसेल, तर आधी त्यांचा उपचार हवा. सुजलेल्या हिरडीत दात ओढणे म्हणजे उरलेले हाडही गमावणे. सुपारीच्या सवयीने ज्यांचे तोंड पुरते उघडत नाही, त्यांच्या मागच्या दातांपर्यंत हात पोहोचणेच कठीण.

रत्नागिरी जिल्ह्यात ह्या सर्वाला अंतराची जोड मिळते. मंडणगडापासून राजापुरापर्यंत नऊ तालुके. दंत महाविद्यालय उत्तरेकडे खेडला, आणि रत्नागिरी शहरापासून तेच शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. तारांचा उपचार चार ते आठ आठवड्यांनी एकदा तपासणी मागतो, तोही दीड-दोन वर्षे. मे महिन्याच्या सुटीत मुलाला मुंबईच्या काकांकडे पाठवून तारा बसवून आणावयाच्या आणि पुढची तपासणी गणपतीनंतर, असा बेत काही घरांत होतो. त्यात तारा तोंडात राहतात, देखरेख राहत नाही. चिकटविलेल्या पट्ट्यांभोवती अन्न साचून दातांवर पांढरे डाग पडतात, आणि हे डाग तारा निघाल्यावरही राहतात. आंबापोळी, फणसपोळी, सुक्या खोबऱ्याचा तुकडा ह्यांवर त्या काळात पाणी सोडावे लागते, हे मुलाला आधीच सांगितलेले बरे. पारदर्शक साच्यांची पद्धत १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत निघाली. तिने फेऱ्या काहीशा कमी होतात. पण साचे दिवसाचे सुमारे बावीस तास घालावे लागतात, आणि टपालाने आलेला साचा हिरडी तपासत नाही. आमच्या मते, नियमित फेऱ्या जमणार नसतील तर जमेपर्यंत थांबणे अर्धवट उपचारापेक्षा बरे. सातव्या वर्षीची पाहणी मात्र टाळू नये. तिला एकच फेरी लागते.

तारा निघाल्या म्हणजे उपचार संपला असे नाही. हाड काही महिन्यांत सावरते, पण हिरडीतील लवचिक तंतू दाताला जुन्या जागेकडे वर्षभर ओढत राहतात. गिरक्या घेतलेले दात तर विशेष. म्हणून रिटेनर देतात, प्रथम दिवसरात्र, नंतर केवळ रात्री, आणि पुष्कळदा अनेक वर्षे. तो जेवताना काढून कागदात गुंडाळून ठेवतात, आणि तो कागद ताटातील उष्ट्याबरोबर टाकला जातो. रिटेनर हरविण्याची ही सर्वांत सामान्य रीत होय. त्याला डबी असते, आणि तिची जागा ताटाशेजारी आहे.